अर्धा बंधारा आणि आईची चूल

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं एकमेकांना इतकी लागून होती की सगळी जागा त्यांनाच दिलीय. सातबारा आणि वाटणीवाल्यांनी रागवू नका, तुमची पत्रं पुढच्या अंकात नक्की घेते. पहिलं पत्र लांब आहे पण मी फारसं कापलेलं नाही, कारण कापायला गेलं की त्यातला माणूसच निघून जातो.

प्रश्न : ताई नमस्कार. मी सिडकोत पवननगरला राहतो, अंबडला एका कंपनीत फिटर आहे, नाशकात येऊन एकवीस वर्षं झाली. गाव रत्नागिरी जिल्ह्यात, अगदी समुद्राला लागून. आई आणि मोठा भाऊ तिथेच असतात, भावाची लहान होडी आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, आधीच खूप बदनामी झालीय.

निसर्ग वादळ आलं ३ जून २०२० ला, तेव्हा आमचे माड पडले, पत्रे उडाले, आठ-दहा दिवस तर आईशी फोनच लागला नाही. त्यानंतर गावात साहेब लोक आले, मीटिंगा झाल्या, सांगितलं की किनाऱ्याचा कायापालट करणार, धूपप्रतिबंधक बंधारा, सुकट वाळत घालायला सिमेंटचे ओटे, बायकांसाठी शौचालय, जेटीपर्यंत पक्का रस्ता, मग पर्यटक येतील, पोरांना गावातच काम मिळेल. भूमिपूजन झालं, नारळ फुटला, आईने तर साहेबांना ओवाळलं. मग दगड आले आणि बंधारा सुरू झाला आणि आमच्या घराच्या चार घरं अलीकडे येऊन थांबला, तो आजपर्यंत थांबलेलाच आहे. शौचालय बांधलं पण पाणी जोडलं नाही म्हणून कुलूप. ओट्याच्या जागी खडीचा ढीग आहे, त्यावर आता गवत उगवलंय, बायका पहिल्यासारख्याच वाळूत ताडपत्री टाकून जवळा सुकवतात.

मी गणपतीला आणि शिमग्याला जातो तेव्हा दरवेळी विचारतो. एका ऑफिसात सांगतात फंड नाही, दुसऱ्या ठिकाणी सांगतात सीआरझेडमध्ये (समुद्रकाठच्या बांधकामांच्या नियमांत) अडकलंय, तिसरा सांगतो ठेकेदार काम सोडून गेला. गावातले लोक आता मीटिंगला जातच नाहीत, म्हणतात सह्या करून करून हात दुखले. मध्ये एक व्हिडिओ काढणारा पोरगा आला, कुलूप लावलेलं शौचालय, तुटलेल्या होड्या असं सगळं दाखवून "भकास गाव" म्हणून टाकलं, लाखो लोकांनी बघितलं. माझ्या पुतणीला कॉलेजात पोरी तेच नाव घेऊन चिडवतात. ती आता गावाचं नाव सांगत नाही.

आई फोनवर म्हणते, समुद्र आता शेजारच्या काकूंच्या चुलीपर्यंत आला रे. भाऊ म्हणतो जमीन विकून टाकू, पुण्याचे लोक विचारून जातात. मी इथे नाशकात बसून काय करू शकतो? आणि आईला इकडे घेऊन येऊ का?
– एक वाचक, सिडको

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि पुतणीपाशी थांबले. रस्ता आज ना उद्या होईल, पण पोरीने गावाचं नाव सांगायचं सोडलं हे नुकसान कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

आता कामाचं. मी तीस वर्षं पंचायत समितीत हिशोबाच्या टेबलावर काढली त्यामुळे अडलेल्या कामाची फाईल कशी दिसते ते मला माहीत आहे. तुम्हाला तीन ऑफिसांनी तीन कारणं दिली ना, फंड नाही, सीआरझेड, ठेकेदार गेला. ही तीनही कारणं एका वेळी खरी असणं अवघड आहे बघा. सीआरझेडची परवानगीच नव्हती तर मग काम सुरू कुठल्या आधारावर झालं? फंड नव्हता तर ठेकेदाराला कार्यारंभ आदेश कसा मिळाला? आणि ठेकेदार काम सोडून गेला असेल तर त्याची अनामत रक्कम जप्त झाली का, नवीन निविदा निघाली का, याचा कागद असणारच. काम हवेत अडत नाही, कुठल्यातरी एका टेबलावर अडतं. तुम्ही आजवर "कधी होणार" असं विचारत आलात आणि या प्रश्नाला "लवकरच" हे उत्तर देता येतं. आता "कागद दाखवा" असं म्हणा.

त्यासाठी माहिती अधिकार, २००५ चा कायदा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून साध्या कागदावर अर्ज, आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत, म्हणून बंधाऱ्याचा अर्ज वेगळा, शौचालयाचा वेगळा, ओट्यांचा वेगळा. गावाची सगळी कैफियत त्यात लिहू नका, मन मोकळं होतं पण अर्ज फेटाळायला कारण मिळतं. नुसतं लिहा: "मौजे अमुक येथील धूपप्रतिबंधक बंधाऱ्याच्या कामाची प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, मुदतवाढीचे आदेश, मोजमाप पुस्तिकेच्या प्रती व ठेकेदारास आजपर्यंत अदा केलेल्या देयकांच्या प्रती मिळाव्यात." बस. यातली मोजमाप पुस्तिका, ज्याला सगळे एमबी म्हणतात, तिच्यात सगळा जीव आहे. किती मीटर काम झालं म्हणून लिहिलं आणि किती मीटरचे पैसे दिले ते तिच्यात असतं. ती प्रत हातात आली की भावाला टेप घेऊन ओहोटीच्या वेळी बंधाऱ्यावर पाठवा आणि प्रत्यक्षात किती आहे ते मोजायला सांगा. दोन्ही आकडे जुळले तर चांगलंच, नाही जुळले तर तुमच्या हातात पहिल्यांदा काहीतरी ठोस आलं.

हा अर्ज तुम्ही नाशकातून करू शकता, त्याला गावात राहायची अट नाही. कुठल्या खात्याला करायचा, तर किनाऱ्यावरची कामं पत्तन (बंदर) विभाग, मेरीटाईम बोर्ड, मत्स्यव्यवसाय, ग्रामपंचायत अशा वेगवेगळ्या हातांत असू शकतात, त्यात माणूस गोंधळतो. पण चुकीच्या ठिकाणी गेला तरी कायद्यात आहे की पाच दिवसांत तो योग्य ऑफिसकडे पाठवायचा, तुम्हाला परत पाठवायचा नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, तिथे वीस रुपयांचं तिकीट, आणि तरीही नाही तर नव्वद दिवसांच्या आत माहिती आयोगाकडे दुसरं अपील. दुसऱ्या अपिलाला वेळ लागतो, खोटं कशाला सांगू, पण माझ्या अनुभवात पहिल्या अपिलाची तारीख लागली की बरेचसे कागद सापडतात. आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, या कायद्यात कागदच नाही तर प्रत्यक्ष कामाची पाहणी करायचा आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना घ्यायचाही अधिकार आहे.

सीआरझेडबद्दल थोडं. हे नाव घेतलं की लोक गप्प बसतात, जसं काही समुद्राकाठी वीटसुद्धा हलवता येत नाही. तसं नाहीये. १८ जानेवारी २०१९ ची जी अधिसूचना आहे त्यात किनाऱ्याची धूप थांबवायच्या कामांना आणि मच्छीमारांच्या सोयींना, म्हणजे मासे सुकवायची जागा, लिलावाची शेड, जाळी दुरुस्तीची जागा, यांना वाव ठेवलाय, परवानगी मात्र घ्यावी लागते. म्हणून "सीआरझेडमध्ये अडकलंय" म्हणाले की पुढचा प्रश्न एवढाच विचारायचा, परवानगीसाठी प्रस्ताव कुठल्या तारखेला पाठवला आणि त्यावर काय त्रुटी निघाल्या. पुष्कळदा कळतं की प्रस्ताव पाठवलाच नव्हता.

आता चार घरं अलीकडे थांबलेला बंधारा. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचली. दगडाचा बंधारा जिथे संपतो तिथे लाट वळते आणि टोकाच्या पुढची वाळू आधीपेक्षा जास्त खाते, किनाऱ्यावर राहणाऱ्यांना हे पुस्तकात वाचावं लागत नाही. म्हणजे अर्धा बंधारा हे "निम्मं काम झालं" असं नसतं, ज्यांच्या दारापुढे तो संपला त्यांच्यासाठी ते काहीच न करण्यापेक्षा वाईट असू शकतं. तुमच्या अर्जात, निवेदनात, सगळीकडे हे पहिल्या ओळीत यायला हवं. काम रखडलंय ही एक तक्रार झाली, रखडल्यामुळे घरं धोक्यात आलीत ही वेगळी, आणि दुसरीला उत्तर देणं टाळता येत नाही.

याचा पुरावा तुमच्या आईकडे आहे. आपण नाशिककर गोदेचा पूर कशावर मोजतो? दुतोंड्या मारुतीवर. गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी, आणि २००८ च्या सप्टेंबरातल्या पुरात काय झालं होतं ते मेनरोडचे लोक अजून सांगतात. सगळ्या शहराला समजतं असं ते माप आहे. तुमच्या आईचं माप चुलीचं आहे आणि ते तितकंच खरं आहे, फक्त ते लिहून ठेवलं गेलेलं नाही. भावाला सांगा एक वही घ्यायची, दर अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती येते तेव्हा घराच्या उंबऱ्यापासून पाण्याच्या रेषेपर्यंत किती पावलं उरली ते लिहायचं, टेपने मीटर लिहायचे, फोटो काढायचा, फोटोत तेच एक झाड किंवा तोच खांब दरवेळी यायला हवा. वर्षभरात चोवीस-पंचवीस नोंदी होतात. तारखा आणि आकडे भरलेली वही समोर ठेवली की बोलणं बदलतं, मी हे टेबलाच्या पलीकडे बसून पाहिलेलं आहे.

ग्रामसभेचं तुम्ही लिहिलंत की लोक जात नाहीत. सह्या करून दमलेल्या माणसांना मी काही बोलणार नाही, त्यांना दमण्याचा हक्क आहे. पण वर्षातून चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात आणि गणपूर्तीला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर माणसं, जे कमी असेल ते, एवढीच लागतात. तुमचं नाव मतदार यादीत नाशकात असेल तर तुम्हाला तिथे मत नाही. आईला आहे. आणि प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यायची तरतूद आहे, ती बहुतेक गावांत नुसती रजिस्टरवर होते. तुमच्या गावात ती खरोखर भरवा. जवळा सुकवणाऱ्या बायका तिथे येऊ देत, ओटा कुठे हवा, किती लांब, वाऱ्याच्या कुठल्या बाजूला, शौचालयाला पाणी कुठल्या विहिरीवरून, हे त्यांना कुणी विचारलं होतं का हो? तुमच्या पत्रात साहेबांनी काय काय सांगितलं ते सगळं आहे, पण गावाला काही विचारल्याचं एकाही ओळीत नाही. मला वाटतं रागाचं खरं मूळ तिथे आहे. ठराव त्यांच्या शब्दांत लिहून घ्या आणि ठरावाची नक्कल मागून ठेवा.

जमिनीबद्दल, रागाच्या भरात विकू नका. पुण्याचे लोक आत्ताच का विचारतायत याचा विचार करा, किनारा सुधारला की ते विचारतील का आजच्या भावात?

आणि आईला आणायचं का, तर दादा हे तुम्ही मला विचारलंत, आईला विचारलंत का? पावसाळ्याचे दोन महिने, जून-जुलै, तेव्हा तशीही मासेमारी बंद असते आणि समुद्र खवळलेला, तेवढ्यापुरती येते का विचारून बघा. पवननगरच्या दोन खोल्यांत खिडकीतून समोरची गच्ची दिसते, जन्मभर समुद्र बघितलेल्या बाईला ते जड जाईल. पण घराला धोका असेल तर हट्ट नको, हेही तिला तुम्हीच सांगायला हवं.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, गंगापूर रोडला राहतो. मुलगी इंग्लंडमध्ये एसेक्स भागात नर्स आहे, मागच्या वर्षी तिच्याकडे तीन महिने होतो. तिथून जवळच जेविक नावाचं समुद्रकाठचं गाव आहे ते बघायला गेलो आणि थक्क झालो. लाकडी पडकी घरं, बंद दुकानं, आणि लोकांची तीच तक्रार, योजना येतात, नकाशे लावतात, काही होत नाही. इतक्या श्रीमंत देशात ही अवस्था तर आपल्या कोकणातल्या गावांनी आशा तरी कशाला ठेवायची?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : सर, तुमचं पत्र आलं म्हणून मी त्या गावाबद्दल मिळेल ते वाचलं, आणि आधीच्या पत्रातल्या दादांचं गाव डोळ्यासमोरून हलेना. १९२८ च्या सुमाराला फ्रँक स्टेडमन नावाच्या माणसाने तिथली पाणथळ जमीन घेतली आणि लंडनच्या कामगारांना सुट्टीपुरत्या लाकडी घरांसाठी लहान लहान प्लॉट विकले. पुढे महायुद्धानंतर घरांची टंचाई झाली तेव्हा लोक त्याच घरांत कायमचे राहिले. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री समुद्राचं पाणी शिरलं, एकट्या त्या गावात ३० हून जास्त माणसं गेली, तरी वाचलेले परत आले. १९७० च्या दशकात घरं पाडून वस्ती हलवायचं घाटत होतं तेव्हा रहिवासी अडून बसले. सुट्टीपुरती बांधलेली घरं, धड न बांधलेले रस्ते, खाली समुद्र, हे सगळं पहिल्या दिवसापासूनचं आहे.

सरकारच्या यादीत हा भाग २०१०, २०१५ आणि २०१९ ला इंग्लंडमधला सगळ्यात वंचित ठरला, यातल्या २०१५ आणि २०१९ ला तर ३२,८४४ भागांमधून. संयुक्त राष्ट्रांचे गरिबीचे अभ्यासक फिलिप अल्स्टन २०१८ च्या नोव्हेंबरात तिथे जाऊन आले. आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका उमेदवाराने निवडणुकीच्या जाहिरातीत याच गावाच्या रस्त्याचा जुना फोटो वापरला, आम्हाला मत दिलं नाही तर तुमचंही असं होईल म्हणून! व्हिडिओवाल्या पोराने "भकास गाव" म्हटलं त्यात आणि यात मला काडीचा फरक दिसत नाही. तिथे राहणाऱ्यांना किती लागलं असेल, सर. गावावर प्रेम करणारी, एकमेकांच्या दुखण्याखुपण्याला धावणारी माणसं तिथेही आहेत आणि त्यांनी ते त्या वेळी ठणकावून सांगितलं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी उलटं देईन. श्रीमंत देशात असूनही होत नाही, म्हणजे निव्वळ पैशाचा प्रश्न नाही. तरी तिथे अगदीच काही झालं नाही असंही नाही, २०२३ मध्ये समुद्रकाठी छोट्या धंद्यांसाठी गाळ्यांची सनस्पॉट नावाची इमारत सुरू झाली, रस्त्यांचीही कामं झाली. इतकी वर्षं वाट बघून एवढंच, असं तिथला माणूस म्हणेल आणि ते बरोबरच आहे. पण एक गोष्ट त्यांच्याकडे आहे जी दादांच्या गावाकडे नाही, ती म्हणजे आकडा. दर काही वर्षांनी सरकारच छापतं की हा भाग सगळ्यात मागे आहे. तो आकडा अपमानासारखा वाटतो, रहिवासी चिडतात, पण जबाबदार माणसांना तो झटकून टाकता येत नाही. आपल्याकडे जिल्ह्याची, तालुक्याची आकडेवारी निघते आणि समुद्रकाठची एक वाडी त्यात कुठल्या कुठे बुडून जाते. म्हणून मी दादांना वही ठेवायला सांगितली. आशा ठेवायची की नाही हे तुम्ही गंगापूर रोडला आणि मी इथे बसून ठरवायला नको, जे तिथे राहतात त्यांनी अजून ती सोडलेली नाही.

प्रश्न : ताई, मी जुन्या नाशकात नदीकडेला उतारावर राहते, घरकाम करते, हे पत्र मुलीकडून लिहून घेतलंय. दर पावसाळ्याच्या तोंडावर घर रिकामं करा म्हणून नोटीस येते, दारावर चिकटवून जातात. जायचं कुठे ते कुणी सांगत नाही. पाऊस संपला की सगळे विसरतात. भिंत बांधू, दुसरीकडे घरं देऊ असं लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय, आता सूनही ऐकते. आता म्हणतात कुंभमेळा येतोय, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं स्नान आहे, घाट चांगले होणार. आमचं काय होणार? मागच्या वर्षीची नोटीस मी रागाने फाडून चुलीत घातली.
– जुने नाशिक

उत्तर : मावशी, इथून पुढे एकही नोटीस फाडू नका. तुम्हाला ती हाकलायची चिठ्ठी वाटते, पण तिच्यावर तुमचं नाव आणि तारीख असेल तर त्या वर्षी तुम्ही तिथे राहत होता याचा तो सरकारी कागद आहे, आणि तोही त्यांनीच दिलेला. शेजाऱ्यांकडे आधीच्या वर्षांच्या नोटिसा असतील तर त्यांनाही जपून ठेवायला सांगा. घरासाठी पात्र ठरवताना झोपडपट्टीच्या कायद्यात तारखेला फार महत्त्व असतं, १ जानेवारी २००० च्या आधीपासून राहत असल्याचा पुरावा असेल तर घर मोफत, आणि त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून. तुमची जागा त्या कायद्यात घोषित आहे का ते आधी बघावं लागेल, ते मी बघते. तोवर जुनं लाईटबिल, घरपट्टीची पावती, मतदार यादीतलं नाव, रेशनकार्ड, मुलीच्या शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता, जे असेल ते एका पिशवीत जमा करा आणि पिशवी पत्र्याखाली नको, पावसात भिजते, शेजारी कुणाचं पक्कं घर असेल तिथे ठेवा.

तोंडी सांगणाऱ्याला तोंडी उत्तर देत बसू नका. घर रिकामं करायचं तर पावसाळ्यापुरतं कुठे राहायचं, ती जागा लेखी द्या, असा अर्ज आपणच करायचा आणि आवकचा शिक्का घ्यायचा. पाऊस खरंच वाढला आणि माती सुटायला लागली तर मात्र कागदाची वाट बघू नका, सूनबाई आणि लेकरांना घेऊन आधी बाहेर पडा, भांडण नंतर करू.

पालिकेचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, त्याचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो आणि तिथे गल्लीची मिळून तक्रार घेत नाहीत, प्रत्येकाची स्वतःची लागते. म्हणून तुमच्या उतारावर जितकी घरं आहेत तितके वेगवेगळे अर्ज करू. मुलीला सांगा या अंकाच्या ऑफिसात फोन करून माझ्याशी वेळ ठरवायला, मी येते तुमच्याकडे, एका दुपारी बसून सगळ्यांचे लिहून टाकू. तुमचं काम संपल्यावरची वेळ सांगा, चार-साडेचारची चालेल. तोवर दारावर यंदाची नोटीस चिकटवली असेल तर ती ओरबाडू नका, कडेने पाणी लावून हळूच सोडवा आणि मूळ कागदच ठेवा, झेरॉक्स मी काढून घेईन.